साडूभाऊंच्या गाडीविषयी बापूस पत्र

अमळनेर,
८ डिसेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच निदान सांगून मोकळा होतोस आणि तिसरे वाक्य माझ्या तोंडात राहते. आमच्या साडूभाऊंकडून घेतलेली गाडी वाजू लागली आहे. ‘साडूभाऊंकडून’ एवढे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल, ते मला इथून दिसते. गव्हाच्या पोत्यांचा प्रकार तुझ्याइतका कोणाला ठाऊक नाही, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

इकडे प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे वयाप्रमाणे आहेत.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची. थंडी पडल्यापासून सकाळी ती सुरू केली, की माझ्या पायाखालून पातळ पत्र्याची कर्कश थरथर ऐकू येते आणि पारोळ्याच्या रस्त्याला लागून इंजिन चांगले तापले, की ती बहुधा विरून जाते. एवढेच असते, तर मी तुझा वेळ घेतला नसता. परंतु गेल्या महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि इंजिनावर पुरता भार असताना, अगदी निराळा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवीत असावे, तसा. त्याच वेळी गाडीची ओढ कमी झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ती पुढे सरकायला तयार नव्हती, आणि मागचा जीपवाला आमच्या घराण्याविषयी जे बोलला, ते ही शेजारी बसून ऐकत होती.

महामार्गावरच्या पहिल्या मेकॅनिकने गाडी थांबायच्या आतच सांगितले, की सायलेन्सर गेला, पूर्ण बदला. दुसऱ्याने बॉनेट उघडून कान लावला आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा भाग, वाजत असल्याचा निर्वाळा दिला. टॅपेट! मला तत्काळ अण्णांची जीप आठवली. लळिंगच्या घाटापासून धुळ्यापर्यंत तू टॅपेट म्हणत होतास, मी सायलेन्सरचा ब्रॅकेट म्हणत होतो, आणि शेवटी शेवभाजीच्या ताटावरही आपण एकमेकांशी बोललो नाही. निकाल लागण्यापूर्वीच अण्णांनी जीप विकून टाकली, त्यामुळे तू अजून टॅपेट म्हणतोस आणि मी अजून ब्रॅकेट म्हणतो. टॅपेटचा ठोका वरून येतो, नियमित असतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. खालून येणारा, मधेच लागणारा आणि मधेच थांबणारा आवाज टॅपेटचा कसा असेल, याचे उत्तर तू आजवर दिलेले नाहीस. असो.

शेवटी स्टेशनामागच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. “काय व्हयनं भाऊ?” एवढे विचारून त्यांनी ऐकण्याची घाईच केली नाही. आवाज केव्हा येतो, केव्हा जातो, थंडपणी की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, हेच ते विचारत राहिले. मग म्हणाले, की गाडी रात्रभर इथेच राहू द्या, सकाळी पूर्ण थंड असताना बघू. मला ही रीत फार आवडली, कारण तापलेल्या एक्झॉस्टला हात लावता येत नाही आणि धातू तापून प्रसरण पावला, की सैल भागही घट्ट बसल्याचे सोंग करतात.

सकाळी गाडी पिटवर घेऊन त्यांनी रबरी हातोडीने मागून पुढे एकेक भाग ठोकत नेला. सायलेन्सरचा आवाज भरीव आला. आतला पडदा सुटलेला असता, तर तो वाजला असता. पेट्रोल जळताना पाणीही तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे सुमारे एक लिटर, आणि गाडी नुसती बाजारापर्यंत जाऊन-येऊन राहिली, तर ते वाफ होऊन बाहेर न पडता सायलेन्सरात साचते व त्याला आतून गंजवते. आमचा सायलेन्सर त्यातून वाचला आहे. पाइप टांगून धरणारा रबराचा एक हँगर चिरलेला निघाला, तो बदलला. पण पाइप कुठे टेकत नव्हता. मग इंजिन चालू करून मिस्त्रींनी हातोडीच्या लाकडी दांड्याने हीट शील्डचा, म्हणजे एक्झॉस्टची धग अडवणारा, पत्रा दाबला आणि थरथर जागच्या जागी थांबली. दांडा काढला, की पुन्हा सुरू. शील्डच्या बोल्टांभोवतीची भोके गंजून मोठी झाली होती. मोठी होज क्लिप आवळून त्यांनी तो पत्रा बांधून टाकला, आणि ज्या आवाजासाठी मला पूर्ण सायलेन्सर बदलायला सांगितले होते, तो शंभराच्या नोटेत मिटला.

“झाले ना एकदाचे?” असे हिने विचारले. तिला हो म्हणालो, पण घाटातले खडे माझ्या डोक्यातून गेले नव्हते.

ते खडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरात, म्हणजे धुरातले विष कमी करणाऱ्या डब्यात, आहेत. शील्ड बांधल्यावर मिस्त्रींनी त्या डब्यावर हातोडी मारली आणि आत तुकडे सरकल्याचे आम्हा दोघांनाही ऐकू आले. तुला आतली रचना माहीतच आहे. सिरॅमिकची जाळी, चौरस इंचात सुमारे ४०० बारीक नळ्या, आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. ती एकदा फुटली, की तुकडे धुराच्या दाबाने मागच्या तोंडाशी जाऊन अडकतात, वाट तुंबते, आणि चढावर इंजिनाला श्वास सोडता येत नाही. कन्नडच्या घाटात ओढ गेली ती बहुधा यामुळेच. म्हणजे आवाज दोन होते आणि ते एकमेकांत मिसळले होते.

जाळी फुटते कशाने, हे शोधल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवण्यात अर्थ नाही. स्पार्क प्लग वा कॉइल नीट काम करीत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन तिथे पेटते आणि जाळी वितळते. म्हणून आम्ही चारही प्लग काढून पाहिले. चारही फिकट तपकिरी, एकसारखे, म्हणजे दोष तिथे नाही. मग मिस्त्रींनी बॅटरी पेटवून डब्याच्या पोटाखाली उजेड धरला. तिथे मुठीएवढा पोचा आहे, बापू. आणि पोच्याच्या कडेला, शील्डच्या आत, जळून चिकटलेले केळीचे सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल.

आता माझी खरी अडचण सांगतो. व्यवहाराच्या दिवशी साडूभाऊंनी, चहाचा कप हातात घेऊन सांगितले होते, की गाडी पद्मालय आणि मनुदेवी यांपलीकडे कुठे गेलेली नाही. रावेरकडच्या त्यांच्या बागेतली बांधाची वाट तू पाहिली आहेस. तिच्यावर ट्रॅक्टरसुद्धा जपून चालतो. मी विचारले, तर मनुदेवीच्या वाटेवरही केळीच असते, हे उत्तर त्यांच्याकडे तयार असेल. त्यांना धक्का बसल्याचे कळले असेल का, की नुसता दगड लागला म्हणून ते पुढे निघून गेले असतील? पोचा पडला, म्हणजे आतली जाळीही फुटली, हे प्रत्येक चालवणाऱ्याला समजतेच असे नाही. एवढा संशयाचा फायदा मी त्यांना देतो. पण पोत्यांच्या वेळीही मी हाच फायदा दिला होता, आणि तेव्हा तू मला काय म्हणालास, ते मी विसरलेलो नाही. त्यात वैशाखात त्यांच्या मुलीचे लग्न आहे. विषय काढला, तर हिच्या माहेरी वर्षभर पुरेल एवढे बोलणे होईल. नाही काढला, तर लग्नात वऱ्हाड आणायला हीच गाडी मागतील.

दरम्यान एका तिसऱ्या गॅरेजवाल्याने फार उदारपणे सुचवले, की आतली जाळी पाडून डबा रिकामा करू, आवाज बंद, ओढही वाढेल, मजुरी नको, फक्त जुना माल मी नेतो. मजुरी नको म्हणणारा मेकॅनिक मी प्रथमच पाहिला! त्या तुकड्यांवरचे प्लॅटिनम भंगारात विकले जाते, हे त्याला ठाऊक आहे. रिकाम्या डब्याने गाडीचा धूर विषारी होतो, पीयूसीच्या तपासणीत ती अडकते, आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे डॅशबोर्डवरचा दिवा कायमचा पेटतो. मी नाही म्हणालो. नवा बसवला, तरी जुना डबा माझ्या ताब्यात हवा, असे मिस्त्रींना बजावून ठेवले आहे.

धुराच्या गळतीची तपासणी मात्र मी घरीच केली. अंगणात, मोकळ्यावर, इंजिन चालू ठेवून टेलपाइपच्या तोंडाशी जाड ओला कपडा क्षणभर धरला आणि ही सांध्यांजवळ कान देऊन फुसफुस ऐकत होती. काही ऐकू आले नाही, काजळीचे डागही नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि नातवंडे मागच्या सीटवर झोपतात, म्हणून एवढे तरी करणे भाग होते.

तुझे काय? नाशिकची बदली मानवली का? वहिनींच्या हाताचे प्लास्टर निघाले असेलच. चिरंजीवांची परीक्षा कशी गेली ते लिही. नोकरीचे मात्र इतक्यात विचारीत नाही, त्याला माझा राग येतो. भरिताची वांगी आली आहेत, तेव्हा जमल्यास सर्वजण या.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुझ्याकडचा प्रेशर गेज पाठव. कन्व्हर्टरच्या पुढचा, इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी तो लावायचा आहे. मिस्त्रींचा गेज बिघडला आहे. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असताना दाब तीन पीएसआयच्या वर गेला, तर वाट तुंबली हे नक्की होईल आणि मग मी नव्या कन्व्हर्टरचे पैसे भरीन. दुसरे, साडूभाऊंना मी त्या गेजचा आकडा दाखवावा, की ते सोपट दाखवावे, की दोन्ही पुडीत बांधून लग्नापर्यंत कपाटात ठेवावे, हे विचार करून कळव. टॅपेट असल्याचे कळवू नकोस.

तुझा,
आबा

ता. क. गेज कुरिअरने न पाठवता इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे, आणि त्याचा ॲडाप्टर सोबत द्यायला विसरू नकोस.