जीसीएलसीच्या अँटिबॉडीबद्दल

कोल्हापूर, मे महिना

प्रिय अजित,

तुझं पत्र पोचलं. प्रकल्प मंजूर झाला आणि तू आमच्या विभागात येतोयस, फार आनंद झाला बघ. जीसीएलसी या प्रथिनाची कोणती अँटिबॉडी (म्हणजे त्यालाच चिकटून ते दाखवून देणारं प्रथिन) मागवू, असं विचारलंयस. कंपनीच्या नावाआधी थोडं बोलू, कारण तुझं सगळं काम त्या इवल्याशा नळीवर उभं राहणार आहे.

पेशी ग्लुटाथायोन, म्हणजे तिचं संरक्षण करणारं रसायन, दोन टप्प्यांत बनवते: आधी ग्लुटामेटला सिस्टीन जोडलं जातं, मग ग्लायसिन. खरी अडवणूक पहिल्या टप्प्यावर. तिथल्या एन्झाइमचा सुमारे 73 किलोडाल्टनचा (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) भाग म्हणजे जीसीएलसी, जोडणी तोच करतो. सुमारे 31 चा जीसीएलएम त्याला साथ देतो. पॅरासिटामॉल भरमसाट पोटात गेलं की यकृतातलं ग्लुटाथायोन आटत जातं. अशा रुग्णाला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात ते यासाठीच: सिस्टीन मिळालं की हा टप्पा पुन्हा चालू लागतो. तुझं काम यकृताच्या पेशींवरचं, म्हणून मला त्याचं इतकं मोल वाटतं.

आता पट्टीचं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं वजनानुसार वेगळी करून मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर घेतात, आणि अँटिबॉडी चिकटते तिथे पट्टी उमटते. 73 च्या जवळ काहीतरी उमटलं की लोक ब्लॉट लगेच शोधनिबंधात घालतात. मला एवढ्यानं पटत नाही. एचएससी70 सारखं मुबलक प्रथिन अगदी शेजारी बसलेलं असतं. त्यामुळे एसआयआरएनए (ठरावीक प्रथिन बनणं रोखणारा आरएनएचा छोटा तुकडा) वापरून जीसीएलसी कमी कर आणि तो नमुना साध्या नमुन्याशेजारीच चालव. पट्टी फिकट झाली तर विश्वास ठेव. 2016 साली तज्ज्ञांच्या एका गटानं अँटिबॉडी पारखायचे पाच मार्ग मांडले, त्यांतलाच हा एक, आणि माझ्या मते आपल्यासारख्या लॅबला सगळ्यात जमणारा.

इथे एक घोटाळा हमखास होतो. बीएसओ हे रसायन दिलं की ग्लुटाथायोन घटतं, म्हणून काही जण तोच नमुना निगेटिव्ह कंट्रोल (पट्टी दिसू नये असा तुलनेचा नमुना) म्हणून लावतात. पण बीएसओ एन्झाइमचं काम थांबवतं, प्रथिन तिथेच राहतं! पट्टी जशीच्या तशी दिसणार, आणि चांगली अँटिबॉडी उगाच बदनाम होणार. उलटही लक्षात ठेव: पट्टी गडद म्हणजे ग्लुटाथायोन जास्त, असं नाही. तयार झालेलं ग्लुटाथायोनच या एन्झाइमला आवर घालतं. म्हणून ग्लुटाथायोन किती ते पाहायला डीटीएनबी या रसायनाचा पिवळा रंग 412 नॅनोमीटरला मोजायचाच, ब्लॉट कितीही सुंदर येऊ दे.

पहिल्या वेळी मेंब्रेन कापू नकोस. अँटिबॉडी जरा जास्त लागेल, लागू दे. ती आणखी कुठे कुठे चिकटते ते कळायला हवं. जमलं तर रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (ठरलेल्या जनुकावरून बनवलेली, एकाच प्रकारची अँटिबॉडी) घे. सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) स्वस्त पडते, पण लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की वागणं बदलू शकतं, आणि तुझं काम मध्यावर असताना ते परवडायचं नाही. लॉट नंबर वहीत लिहायचाच.

ऑर्डर मात्र आत्ताच दे. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याची वाट बंद झाली. बर्फातला डबा तसा अडकला तर आतल्या मालाचा भरवसा काय धरायचा? जूनच्या आधी डबा हातात आला की छोटे भाग करून मी फ्रीजरला ठेवतो. छोट्या नळ्या आहेत आपल्याकडे.

दोन-तीन कंपन्यांची कोटेशन पाठव. नॉकआउट (जीसीएलसीचं जनुक निकामी केलेल्या) पेशींवरचा ब्लॉट ज्यांनी दाखवलाय, तेवढीच मी सरांपुढे ठेवीन. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संदीप