दाढीवाल्यांच्या शेजारी

फेअरबँक्स, अलास्का
दि. 2 जून

प्रिय मित्र दत्ता,

सप्रेम नमस्कार.

'बर्फातल्या बैलांचे काय?' असे तू दोनदा विचारलेस आणि मी दोन्ही वेळा दोन ओळींत आटोपले, म्हणून आज सविस्तर लिहितो. मस्कऑक्सला आपण कस्तुरी बैल म्हणतो, पण त्याचे नाते शेळ्यामेंढ्यांशी आहे आणि त्याच्या अंगात कस्तुरीही नाही. माजावर आलेल्या नराच्या उग्र दर्पावरून हे नाव पडले. इथले इनुपियाक लोक त्याला 'उमिंगमाक', म्हणजे दाढीवाला, म्हणतात आणि मला तेच नाव आवडते.

ऑगस्टमध्ये मी संशोधन केंद्रावर आलो तेव्हा नरांच्या टकरी चालू होत्या. त्यांचा आवाज कुंपणाबाहेरही छातीत घुमत असे. हिवाळ्यात मात्र सारे शांत झाले. डिसेंबरात सूर्य जेमतेम पावणेचार तास दिसतो आणि पारा उणे 40 पर्यंतही उतरतो, तरी ही जनावरे उघड्यावर नुसती उभी असत. कमी खात, कमी हलत आणि उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढत. त्यांच्या पाठीवरचा बर्फ वितळत नाही हे पाहून ती आजारी आहेत की काय, अशी मला काळजी वाटली. मग कळले की अंगातली ऊब बाहेर येतच नाही, म्हणून तो वितळत नाही.

त्यांना भय थंडीचे नाही, हिवाळ्यातल्या पावसाचे आहे. ऑक्टोबर 2003 मध्ये कॅनडातल्या बँक्स बेटावर बर्फावर पाऊस पडला, तो गोठून चाऱ्यावर कवच बसले आणि सुमारे 20,000 मस्कऑक्स उपाशी मेले. हे कळल्यापासून, थंडीत मध्येच हवा उबदार झाली की मला चैन पडत नाही.

अलास्कातून हे प्राणी एकदा पुरते नाहीसे झाले होते. 1930 मध्ये ग्रीनलंडहून 34 जनावरे याच गावी आणली गेली आणि पुढे अलास्काच्याच नुनिवाक बेटावर सोडली गेली. आज अलास्कात मोकळे फिरणारे कळप त्यांचेच वंशज आहेत.

एप्रिल-मेमध्ये वासरे झाली. आता आतली मऊ लोकर, 'किव्हिउट', सुटते आहे आणि आम्ही ती विंचरून काढतो. तुझ्या घरी पिढ्यानपिढ्या घोंगड्या विणल्या गेल्या, म्हणून तिचा एक झुबका पाकिटात ठेवला आहे. आईंच्या हातात दे आणि याचे सूत निघेल का, ते त्यांना विचारून कळव. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनायक