ऑगस्टीनने रोखलेले अश्रू

नाशिक,
रविवार

प्रिय सायमन,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. शेवटच्या पानावर तू ठासून लिहिलं आहेस की, गालीलच्या कोळ्यांचा, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांचा, साधासरळ विश्वास ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या हाती लागला आणि तिथेच नासला. हे म्हणणारा तू एकटा नाहीस. जर्मनीत अडॉल्फ फॉन हारनॅकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच बाजू प्रचंड अभ्यास करून मांडली होती. चर्चचे सिद्धांत म्हणजे शुभवर्तमानाच्या भूमीवर ग्रीक बुद्धीने केलेली रचना, असं त्याचं म्हणणं.

यावर मला मोघम वाद घालायचा नाही. ग्रीक विचार चर्चमध्ये शिरला, म्हणजे कुणाच्या तरी डोक्यात शिरला. तिथे त्याने काय केलं, हे एका माणसापुरतं नीट पाहू या. तो माणूस म्हणजे ऑगस्टीन, पुढे हिप्पोचा बिशप आणि पश्चिमेच्या चर्चचा मोठा गुरू झालेला.

354 साली ताघास्तेला जन्मलेला हा आफ्रिकेचा मुलगा. ते गाव आज अल्जीरियात आहे, सूक अहरास नावाने. आई मोनिका पक्की विश्वासणारी. मुलगा मात्र ऐन तारुण्यात मानीपंथात गेला आणि नऊएक वर्षं तिथेच रमला. उजेड आणि अंधार अशा दोन सत्ता अनादि काळापासून झुंजताहेत आणि जगातलं सगळं वाईट त्या दुसरीचं, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे ती त्याला पटेनाशी झाली, पण पाय मोकळा होईना. त्याची अडचण वेगळीच होती. ज्याला शरीर नाही असं काही खरोखर असू शकतं, हेच त्याच्या कल्पनेत बसेना. देव सर्वत्र आहे म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे अफाट पसरलेला कसलासा पदार्थ यायचा, हवेसारखा विरळ, पण पदार्थच. ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या सातव्या भागात तो सांगतो की, या हिशोबाने चिमणीपेक्षा हत्तीच्या अंगात देव जास्त मावला असता, कारण हत्ती मोठा.

तू म्हणशील, हा पंथाने बिघडवलेला मुलगा. साध्या विश्वासणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत. मग टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाकडे बघ. तोही आफ्रिकेचाच, कार्थेजचा, ऑगस्टीनच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा. अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध, हा तुझ्या बाजूचे लोक सतत देतात तो सवाल त्याचाच. आणि आत्मा हे एक प्रकारचं शरीरच आहे असं ठणकावून सांगणाराही तोच. देव आत्मा असला तरी त्यालाही शरीर आहे, हे कोण नाकारील, असं तो विचारतो. आत्म्याबद्दलचं हे मत कुणाच्या आधाराने? झेनो, क्लिआन्थिस, क्रिसिपस, म्हणजे अथेन्सच्या स्टोइक या तत्त्वज्ञानपंथाची मंडळी. अथेन्सला दार बंद करणाऱ्याच्या घरात अथेन्सचंच दुसरं बिऱ्हाड आधीपासून राहत होतं. म्हणून ग्रीकांना वगळलेला शुद्ध विश्वास कुठे सापडेल, असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या ग्रीकाला वगळलेला? त्या काळी विचार करायची भाषाच त्यांनी घडवलेली होती. प्रेषित पौल ग्रीक वळणाच्या तार्ससचा, आणि त्याची पत्रंही ग्रीकमध्येच आहेत.

आता मिलानकडे ये. 384 पासून ऑगस्टीन तिथे वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक. 386 साली त्याच्या हाती प्लेटोपंथीयांची काही पुस्तकं आली. ज्याने ती मिळवून दिली त्याचं नाव तो देत नाही. गर्वाने फुगलेला एक माणूस, एवढंच म्हणतो. शाळेत ग्रीक त्याला नकोसं व्हायचं, तेव्हा ही पुस्तकं त्याने लॅटिन भाषांतरातच वाचली. भाषांतर मारियस व्हिक्टोरिनसचं. रोममध्ये ज्याचा पुतळा उभारला गेला, तो हा नामांकित पंडित म्हातारपणी ख्रिस्ती झाला होता. पुस्तकांत मुख्यतः प्लोटायनस, म्हणजे तिसऱ्या शतकातला मोठा प्लेटोपंथीय तत्त्ववेत्ता, असावा, असं अभ्यासक मानतात. त्याचा शिष्य पॉर्फिरीही त्यांत असेल. प्लोटायनसचे निबंध नवांच्या सहा गटांत लावून 54 ची ‘एनिअड्स’ तयार करणारा पॉर्फिरीच. आणि ख्रिस्ती लोकांविरुद्ध 15 खंड लिहिणाराही तोच. ते खंड इतके बोचले की 448 साली बादशाही हुकमाने जाळले गेले. म्हणजे चर्चच्या सगळ्यात कडव्या टीकाकाराने ज्याचे निबंध जपून पुढे पोचवले, त्याच गुरूच्या विचारांवरून चर्चचा पश्चिमेकडचा सगळ्यात मोठा गुरू देवाजवळ पोचला. हा प्रसंग मी कितीदा वाचला तरी थक्क होतो.

त्या पुस्तकांनी त्याला दिलं काय? बाहेर शोधू नकोस, आत वळ, असं सांगितलं. तो आत वळला, आणि आपल्या बुद्धीच्याही वर एक प्रकाश त्याला जाणवला; डोळ्यांना दिसतो तसा नाही, त्याचाच मोठा अवतारही नाही, अगदी वेगळा. हत्ती आणि चिमणीचा प्रश्न तिथे संपला. जे जागाच व्यापत नाही, ते कुणात किती मावेल, हे विचारताच येत नाही. वाईटाचाही उलगडा तिथेच सुरू झाला. वाईट म्हणजे दुसरी सत्ता नव्हे, चांगल्यातला उणेपणा, हा विचार त्याने प्लोटायनसकडून घेतला. पण जडवस्तूवर ठपका ठेवायचा प्लोटायनसचा कल मात्र त्याने घेतला नाही, कारण ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देवाने सगळं पाहिलं आणि ते फार चांगलं होतं.

याच सातव्या भागात एक जागा आहे, ती तू माझ्यासाठी सावकाश वाच. त्या पुस्तकांत मला काय सापडलं आणि काय नाही, याची तो चक्क यादी करतो. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, ख्रिस्ताला ‘शब्द’ म्हणणारी: प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, शब्द देव होता. याच शब्दांत नव्हे, पण हे तिथे सापडलं. शब्द देही झाला, हे तिथे नव्हतं. तो आपल्या लोकांसाठी दीन झाला, वधस्तंभापर्यंत गेला, हे नव्हतं. आणि ते तिथे नसणारच होतं! पॉर्फिरीने लिहिलेल्या गुरुचरित्राचं पहिलंच वाक्य असं आहे की, आमच्या काळचा हा तत्त्ववेत्ता देहात असल्याची लाज वाटणाऱ्या माणसासारखा दिसे. त्याने आपलं चित्रही काढू दिलं नाही. ज्याला स्वतःच्या देहाची लाज, त्याला देवाने देह घेतल्याची गोष्ट कशी रुचावी?

तुला लगेच आपले रेव्हरंड टिळक आठवतील. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. दोघांचं नातं मलाही जाणवतं, पण फरक लक्षात घे. टिळकांना पूल मिळाला तो प्रेमाचा. ऑगस्टीनला मिळाला तो विचाराचा, आणि विचाराच्या पुलावरून येणाऱ्याला पलीकडे आल्यावरही बराच काळ अवघडायला होतं. कसं, ते ऑस्टियात दिसतं.

387 च्या ईस्टरला मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला बाप्तिस्मा दिला. त्याचा पंधराएक वर्षांचा मुलगा अदेओदातुस, त्याचाही त्याच वेळी झाला. मग सगळे आफ्रिकेला परतायला निघाले आणि जहाजासाठी रोमच्या बंदरात, ऑस्टियात, थांबले. तिथे एका घराच्या खिडकीशी मायलेक टेकून उभे आहेत, खाली बाग आहे, आणि सार्वकालिक जीवन कसं असेल यावर दोघं बोलताहेत. बोलता बोलता पृथ्वी, आकाश, तारे, स्वतःचं मन, सगळं मागे टाकत ते वर चढतात आणि क्षणभर त्या ज्ञानाला हृदयाने निसटता स्पर्श करतात. देहाचा कोलाहल शांत व्हावा, पृथ्वी, पाणी, हवा, आकाश शांत व्हावं, ही तिथली सगळी मांडणी प्लोटायनसची आहे. ‘एनिअड्स’च्या पाचव्या गटात ती जवळजवळ तशीच सापडते. पण प्लोटायनसच्या घरी हा प्रवास एकट्याचा. इथे मुलाबरोबर चढतेय ती कधी तत्त्वज्ञान न शिकलेली, आयुष्यभर मुलासाठी रडलेली आई. ग्रीकांकडून घेतलेली वाट ख्रिस्ती झाली ती इथे, असं मला वाटतं. आईचं बोट धरून.

काही दिवसांत मोनिकाला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. वय छप्पन्नाच्या घरात. ऑगस्टीनने तिचे डोळे मिटले. आतून हुंदका दाटून आला आणि त्याने डोळ्यांना हुकूम केल्यासारखा तो मागे लोटला. अदेओदातुस हंबरडा फोडून रडायला लागला, तर सगळ्यांनी मिळून पोराला गप्प केलं. सोबतचा मित्र एवोदियस याने स्तोत्रसंहिता घेतली आणि गायला सुरुवात केली. ऑगस्टीन आलेल्या लोकांशी प्रसंगाला शोभेल असं बोलत बसला; ऐकणाऱ्यांना वाटलं, याला दुःखच नाही. कबरेपाशीही रडला नाही. मग स्नानाने मनाचा भार उतरतो असं ऐकलं होतं म्हणून स्नान करून आला. भार काही उतरला नाही. रात्री झोपला, जाग आली, एकटाच होता, अँब्रोजच्या एका गीताच्या ओळी आठवल्या, आणि तेव्हा कुठे तो रडला. तासाचा थोडासा भाग, असं लिहितो. एवढ्यासाठीही वाचकाची जवळजवळ क्षमा मागतो.

हा ग्रीक प्रभाव, सायमन. चर्चच्या परिषदांच्या ठरावांत तो आहेच, पण मला तो इथे, एका पोराच्या तोंडावर ठेवलेल्या हातात, जास्त स्पष्ट दिसतो. शहाणा माणूस विकारांनी हलत नाही, ही स्टोइकांची शिकवण आणि प्लोटायनसच्या ज्ञानी पुरुषाची मूर्ती, दोन्ही त्या खोलीत हजर होत्या.

तुझी आई गेली तेव्हा घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “विश्वासणाऱ्याने रडायचं नसतं.” तू ते अजून विसरलेला नाहीस, आणि तुझ्या ग्रीकांवरच्या रागाचं मूळ मला तिथेच दिसतं. ते बोलले ते शास्त्रातलं नव्हतं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल म्हणतो. खेदच करू नका, असं नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तेही लाजराला उठवणार हे ठाऊक असून. त्या गृहस्थांच्या तोंडून बोलत होते ते झेनो आणि क्रिसिपस.

पण ऑगस्टीन ऑस्टियात थांबला नाही. 413 ते 426 या काळात त्याने ‘देवाचं नगर’ लिहिलं. त्याच्या चौदाव्या भागात तो स्टोइकांच्या निर्विकारपणावर सरळ चालून जातो. पौलाचे अश्रू, पौलाची तळमळ, लाजरासाठी रडलेला ख्रिस्त, सगळे साक्षीला उभे करतो आणि म्हणतो की, ज्याला या जगात कशाचंच दुःख होत नाही त्याने शांती मिळवलेली नाही, माणुसकी गमावली आहे. आईसाठी चोरून रडलेला माणूस हे लिहितोय, हे ध्यानात ठेव. 430 साली व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातला तेव्हा तो शहरातच होता, मरणाच्या वाटेवर. त्याचा शिष्य पॉसिडियस लिहितो की, लाकूड-दगड कोसळतात आणि मर्त्य माणसं मरतात याला जो मोठी गोष्ट मानतो तो मोठा माणूस नव्हे, हे एका ज्ञान्याचं वचन म्हातारा स्वतःच्या समाधानासाठी म्हणत असे. वचन प्लोटायनसचं, ‘एनिअड्स’च्या पहिल्या गटातलं. आणि पॉसिडियसच लिहितो की, शेवटच्या दिवसांत त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं उतरवून भिंतीवर लावून घेतली होती आणि अंथरुणावरून ती वाचत तो सारखा रडत असे. नासवलेला विश्वास असा दिसत नाही रे.

तरीही तुझ्या तक्रारीत एक खरा काटा आहे, आणि तो मला सुटत नाही. ऑगस्टीनने माणसाला रडायची मुभा दिली. देवाला दिली नाही. त्याच चौदाव्या भागात ख्रिस्ताचे अश्रू खरे आहेत, कारण त्याचं माणूसपण खरं आहे, असं तो म्हणतो. पण देव देव म्हणून हलतो, कळवळतो, हे त्याला मान्य नाही. शास्त्रातला देवाचा कोपसुद्धा, त्याच्या मते, मनाची खळबळ नव्हे. जो बदलत नाही तोच पूर्ण, हे मूळ ग्रीकांचं. ते त्याने अखेरपर्यंत सोडलं नाही, आणि त्याच्यानंतर पश्चिमेच्या चर्चनेही हजारभर वर्षं सोडलं नाही. मग होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अकराव्या अध्यायातल्या देवाचं काय करायचं? एफ्राइमा, मी तुला कसा सोडू, माझं काळीज पालटलंय, म्हणणाऱ्या? हे नुसतं बोलणं आहे, आपल्याला समजावं म्हणून, असं उत्तर देता येतं आणि ते देतातही. मला ते पुरत नाही. आणि दुसरीकडे, खरंच हलणारा, दुःखाने वाकणारा देव मला सावरील कसा, हाही प्रश्न आहेच. हत्ती-चिमणीच्या देवाकडे मला परत जायचं नाही. इथे मी अडलो आहे.

तू आता ‘कन्फेशन्स’चा सातवा भाग आधी वाचू नकोस. नववा वाच, दहाव्या प्रकरणापासून शेवटपर्यंत, आणि लगेच होशेय. मग मला लिही की रडणारा फक्त येशूचा देह होता, की पिताही. मोघम नको, सविस्तर लिही. नाताळात तुझ्याकडे येतोच आहे, तेव्हा पुढचं समोरासमोर बोलू.

मेरीवहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश