पार्सल हरवलं तर भरपाई कोणाची? माल विकणाऱ्या सगळ्या मेंबरनी वाचा

फराळाची कुरिअर सुरू होतील म्हणून आधीच सांगते, पार्सल गहाळ झालं की "आम्ही तर कुरिअरला दिलं होतं" म्हणून हात झटकू नका. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 39 प्रमाणे कुरिअरला दिलेला माल सहसा कस्टमरला दिल्यासारखाच धरतात हे खरं, पण मालाच्या मानाने नीट बुकिंग करणं आपलं काम, ते नाही केलं आणि माल हरवला तर नुकसान आपल्याच गळ्यात. कस्टमर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करू शकतो बरं का!

पैठणीसारखी महाग ऑर्डर इन्शुरन्सशिवाय पाठवू नका, पावतीवर खरी किंमत टाका (शंभर-दोनशे वाचवायला कमी लिहितात, मग क्लेमही तेवढाच). घोडबंदर रोडवाल्यांनो, पिकअपवाला पावती देत नसेल तर पार्सल देऊच नका.