काठावरचं शेवाळ काढायला शिकवणाऱ्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तळ्याच्या त्या कोपऱ्यात आता गळ टाकता येतो, आणि तो केवळ तुमच्यामुळे. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय काठावरून मासे धरणाऱ्या इतरांनाही तुमची पद्धत कळायला हवी.

हायड्रिलाची, म्हणजे पाण्याखाली वाढणाऱ्या पानांच्या शेवाळाची, अशी गच्च जाळी माजली होती की गळाचा तरंगता फ्लोट उभा राहायला जागा नव्हती. अशा वेळी लोक दंताळं घेतात आणि दिसेल तेवढा काठ खरडून काढतात. तुम्ही आधी तळ्याच्या मालकाची परवानगी घेतलीत. मग काठापासून चार पावलं मागं बसून नुसतं पाणी बघत राहिलात. बुडबुडे कुठे येतात, शेवाळाचे शेंडे वारा नसताना कुठे हलतात, काठाचा उथळ भाग संपून खोल पाणी कुठे सुरू होतं, हे सगळं पाहून झाल्यावर बोटानं हवेत एक वाकडी रेघ काढलीत आणि म्हणालात, "एवढंच काढायचं." माशांची ये-जा आधीपासून होती त्याच वाटेवरची ती पट्टी होती. काठाला समांतर जाऊन शेवटी खोल पाण्याकडे वळणारी, दोन्ही बाजूंना शेवाळाच्या भिंती तशाच ठेवलेली.

त्या भिंती का ठेवायच्या, हे तुम्ही समजावलंत त्याबद्दल मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. मासा काठाशी येतो तोच त्या आडोशामुळे. त्याचं खाणं म्हणजे गोगलगायी, किडे, अळ्या, ते सगळं शेवाळातच वाढतं. सायप्रिनस (कार्प) माशाची चिकट अंडीही त्याच पानांना धरून राहतात. म्हणून पाणी १८-२० अंशांपर्यंत तापून मासे काठाशी खळबळ करू लागले की दंताळं बाजूला ठेवायचं, हा तुमचा नियम. आणि सगळंच उपटलं तर शेवाळ जी पोषक द्रव्यं शोषून घेत होतं ती पाण्यात मोकळी राहतात, मग सूक्ष्म शैवाल माजून पाणी हिरवंगार होतं. एवढं शांतपणे, न कंटाळता सांगणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.

तुमचं ते अवजार अजून डोळ्यांसमोर आहे. दांडे काढलेल्या दोन दंताळ्यांची तोंडं पाठीला पाठ लावून बोल्टनं आवळलेली. पाण्यात कशीही पडली तरी एका बाजूचे दात तळाशी लागणारच. दोराचं टोक काठावरच्या खुंटाला बांधलेलं. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हे तुम्ही मला पुनःपुन्हा बजावलंत. फेकायचं, तळाला टेकू द्यायचं, मग हिसका न देता अंगाचा भार मागं टाकून ओढायचं. आधी जवळचं, मग पुढचं, म्हणजे प्रत्येक खेपेला ओझं बेताचं राहतं. कमळाला मात्र दंताळं लावलं नाहीत. त्याचा कंद गाळात घट्ट रुतलेला असतो, म्हणून लांब दांड्याच्या कोयत्यानं आड येणारे तेवढेच देठ खालून कापलेत.

निघालेलं शेवाळ तुम्ही पाण्याच्या कडेलाच उतारावर पसरलंत. त्याचं कारण जवळ वाकल्यावर दिसलं. त्या ओल्या गुंत्यातून बोटाच्या पेराएवढी चतुराची अळी बाहेर आली. चिखलानं माखलेली, सहा पायांवर रखडत, पण तोंड बरोबर पाण्याकडे. तिच्या मागून पाणकिडे निघाले. चिमुकल्या गोगलगायी तुम्ही स्वतः वेचून परत सोडल्यात. दुसऱ्या दिवशी तो ढीग काठापासून लांब नेला, कारण तो परत पाण्यात घसरला तर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, आणि पहाटे तो आधीच सगळ्यात कमी असतो. तरंगणारे तुकडे हातजाळीनं गोळा करायला तुम्हाला कंटाळा आला नाही. हायड्रिलाचा पेर असलेला लहानसा तुकडाही नव्यानं रुजतो, म्हणून दंताळं आणि दोर दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन कडक वाळवायचे, हेही तुम्हीच शिकवलंत.

पाणी तर गढूळ झालं होतं. ते बरंच झालं, असं तुम्ही म्हणालात, कारण ढवळलेल्या गाळातून लाल अळ्या वर येतात आणि त्यांच्या मागे मासे. मूठभर चारा टाकून आपण जागा तशीच सोडून दिली. सकाळी त्याच पट्टीच्या वळणावर सायप्रिनस गाळ उकरत होते, अगदी काठाजवळ. पाय आपटायचा नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, हे लक्षात ठेवून मी मागं बसलो. मासा लागला तेव्हा तंगूस ताणलेला ठेवला आणि काठी आडवी धरून त्याला शेवाळात शिरू न देता मोकळ्या पट्टीतूनच आणला. तुम्ही शेजारी नव्हतात, पण प्रत्येक हालचाल तुमच्या सांगण्याबरहुकूम झाली. जाळीतून उचलून ओल्या हातांनी त्याला परत सोडला.

गुडघे दुखत असताना तुम्ही दोन दिवस माझ्यासाठी दिलेत, हे मी विसरणार नाही. समोरच्या काठावरची कमळाची जागा अंडी घालायचा काळ सरल्यावर हाती घेऊ. कोयता चालवायचं काम पूर्ण माझं. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि कुठवर काढायचं तेवढं दाखवा.

आपला,
शेजारच्या जागेवर बसणारा