शाकारणीला हात हवेत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मॉरिशसमध्ये वाक्वाहून हेन्रिएटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव आहे. तिथे एका आजींच्या घरामागे दहा बाय बारा फुटांचं स्वयंपाकघर अजून उभं आहे. भिंती कुडाच्या, दोन्ही बाजूंनी माती लिंपलेली. जमीन शेणानं सारवायची. छपरावर पूर्वी वाळ्याचं गवत होतं, त्यावर नंतर पत्रा आला. चुलीवरचा वासा धुरानं असा काळा पडलाय की बोट फिरवलं तर काजळी लागतच नाही, लाकूड घासून ठेवल्यासारखं तुळतुळीत लागतं. आजी मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलांना त्या जागी स्लॅब टाकायचा आहे आणि त्यांचंही बरोबर आहे. घरात तीन सुना, जागा अपुरी. ते म्हणाले, "खांब, वासे, दगड, हवं ते न्या. पण नोव्हेंबरच्या आत न्या."

मातीची भिंत काही उचलून नेता येत नाही. म्हणून देवळाशेजारच्या मंडळाच्या जागेवर तेच खांब, तेच वासे वापरून नवं घर उभं करायचं आम्ही ठरवलं आहे. एक खोली, पुढे पडवी, मागे चूल, वर शाकारलेलं गवताचं छप्पर. त्यासाठी हे आवाहन.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडी मागची हकीकत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ गिरमिटी, म्हणजे करारावर आणलेले, मजूर मॉरिशसला उतरले आणि पुढे साडेचार लाखांवर माणसं आली. आपले लोक मुंबई बंदरातून आले, बरेचसे कोकणातले. पहिली घरं ऊसमळ्याच्या छावणीत, मालकाच्या जमिनीवर. करार पाच वर्षांचा. तो सरला तरी परत न गेलेले पुष्कळ. १८८० च्या सुमाराला साखर कंपन्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा आपल्या माणसांनी हप्त्यांनी घेतले आणि तिथे स्वतःचं पहिलं घर बांधलं. क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, त्याला म्हणतात 'लाकाज लापाय', गवताचं घर. उसाचं पाचट किंवा वाळा, बांबूचे वासे, माती नि शेण. कोकणात वाळा माठात घालतात, इथे तो छपरावर गेला. मसाला वाटायचा पाटा-वरवंटा सह्याद्रीसारख्याच काळ्या दगडाचा. त्याला आज सगळं बेट 'रोश कारी' म्हणतं. हेन्रिएटाला १८९६ साली गणपती बसला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, तोही असल्याच घरात बसला असणार.

ही घरं गेली कुठे? १९६० साली जानेवारीत अ‍ॅलिक्स हे चक्रीवादळ आलं आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल. कॅरोलमध्ये वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगायची, छपरावरून काथ्याचा दोर टाकून दोन्ही बाजूंना खुंट्या मारल्या होत्या, वर दगड ठेवले होते. रात्री दोर तुटल्याचा आवाज झाला, मग छप्पर नाहीच. पोरांना खाटेखाली घातलं. आणि मग एकदम शांत. वारा थांबला, आकाश दिसायला लागलं. माणसं बाहेर येऊन आपलं गवत, आपली भांडी गोळा करायला लागली. म्हातारे ओरडत होते, आत या, आत या, ही नुसती मधली उसंत आहे. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं आला. ज्या भिंती पहिल्या फेऱ्यात तगल्या त्या दुसऱ्यात पडल्या. आईनं पुढे आयुष्यभर वाऱ्याचा आवाज आला की खिडक्या दोनदा तपासल्या.

त्यानंतर सरकारनं सिमेंटच्या वस्त्या उभारल्या आणि ज्याच्या हाती चार पैसे आले त्यानं स्लॅब टाकला. आज आमच्या गावात प्रत्येक गच्चीवर लोखंडी सळया वर निघालेल्या दिसतील, मुलाच्या मजल्यासाठी ठेवलेल्या. मला त्या बघायला आवडतात.

मंडळाच्या बैठकीत या कामावरून वाद झाला, तोही सांगतो. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "त्या घरात पावसाळ्यात भांडी मांडून झोपायचो, छपरातून गोम अंगावर पडायची. ते दारिद्र्य कशाला पुन्हा बांधता?" त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून ते घर शोभेचं करायचं नाही असं ठरलं. भिंतीवर झालरी-पताका नाहीत, पर्यटकांच्या बसेस नाहीत. रविवारच्या मराठी वर्गातली मुलं तिथे बसतील, चूल पेटवतील, दर गणपतीला जमीन सारवतील. ज्या सभासदांनी विरोध केला तेच आता बांबू बघून ठेवतायत.

घाई का, ते एका माणसामुळे. आमच्या गावात गवताचं छप्पर शाकारायला येणारे एकच काका उरलेत, वय ८४. गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही. "खुर्ची टाका, खालून सांगतो," म्हणाले. परवा त्यांनी माझ्या पुतण्याला जुडी बांधायला शिकवली: बुंधा वर की खाली, गाठ किती ओढायची, खालच्या थरावर वरचा थर कुठवर यावा. पुतण्यानं बांधलेल्या पहिल्या सात जुड्या काकांनी मुकाट सोडल्या. आठवी ठेवली.

आता काय हवं ते.

पैसे: पायाचे दगड, बांबू, वाहतूक, पाण्याचा निचरा आणि गवताच्या छपराला आगीपासून जपायची व्यवस्था मिळून दोन लाख वीस हजार मॉरिशस रुपयांचा अंदाज आहे. त्यातले साठ हजार सभासदांनी दिलेत. मजुरी धरलेली नाही, ती आपली. खजिनदार दर रविवारी वर्गाच्या वेळी देवळात असतात. कितीही रक्कम द्या, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशेब देवळाच्या फळ्यावर लागेल. परदेशातून पाठवणाऱ्यांनी आधी मंडळाला पत्र लिहावं, परस्पर कोणाच्या नावावर पैसे टाकू नयेत.

वाळा: ज्यांच्या शेताच्या बांधावर आहे त्यांनी कापू द्यावा. मुळं आम्ही खणणार नाही, फक्त पात घेऊ. बांध धरून ठेवतो तो मुळांनीच. पाचटही चालेल, पण काका नाक मुरडतात. पाचट लवकर कुजतं.

वस्तू: जुनं उखळ, पाटा, कंदील, वाक्वा नावाच्या केवड्यासारख्या झाडाच्या पातीची टोपली. परत हवी असेल तर तसं सांगा, नोंद करून उसनी घेऊ. घराचा जुना फोटो असेल तर मूळ तुमच्याकडेच ठेवा, आम्ही येऊन प्रत काढतो. पणजोबांचा गिरमिटी क्रमांक माहीत असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात शोधायला आमचे शिक्षक मदत करतील.

आणि एक विनंती रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गाकडच्या वाचकांना. आमच्याकडे घर आहे, शब्द गेलेत. आम्ही घरी क्रेओल बोलतो, मराठी शाळेत शिकलो, आणि शाळेच्या पुस्तकात आढं, मेढ, कूड, शाकारणी हे घरबांधणीचे शब्द कोण घालतो? मला हे चार माहीत झाले ते कोकणातल्या एका पाहुण्यामुळे. तुमच्या आजोबांनी केंबळी, म्हणजे गवती छपराचं, घर शाकारलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर कुठल्या लाकडाला काय म्हणायचे, जुडी कशानं बांधायचे, शाकारणीच्या दिवशी गावाला जेवायला काय असायचं, ते चार ओळीत लिहून पाठवा. फोनवर बोलून पाठवलंत तरी चालेल, मुलांना ऐकवू.

तुफानाचा मोसम मेच्या मध्यावर संपतो. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आजींच्या अंगणात जमायचं, खांब उतरवायचे. विळा, हातमोजे, जुने कपडे घेऊन या. वाळ्याची पात हात कापते. दुपारचं जेवण मंडळाकडून, डाळ-भात आणि चटणी, चटणी आजींच्याच पाट्यावर वाटलेली. 'अ‍ॅटलस' आलं त्या तारखेला, २ नोव्हेंबरला, छप्पर पुरं व्हावं असा काकांचा हट्ट आहे.

आपले,
गावातील मराठी मंडळाचे कार्यकर्ते