विहिरीतला पारवा आणि गच्चीवरचं कबूतर

नागपूर
२४ फेब्रुवारी २०२६

ती. आई आणि बाबांना
साष्टांग नमस्कार.

परवा रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास कबूतर उडालं. फोनवर सांगितलं आहेच. तरी हे पत्र लिहायला बसले, कारण फोनवर बाबा "बरं झालं" एवढंच म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. मला जे सांगायचंय ते बाबांना सांगायचंय. आई, तू वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते बाजूला ठेवतील.

बाबा, जानेवारीत मी पहिल्यांदा सांगितलं की मांजात अडकलेलं कबूतर घरी आणलंय, तेव्हा तुम्ही एकच विचारलंत. "पाणी कशात ठेवलंयस?" मी म्हटलं, वाटीत. "खोल आहे का वाटी?" मी हो म्हटलं आणि तुम्ही गप्प झालात. लगेच आईचा आवाज आला. तुमचा तो प्रश्न महिनाभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

आधी कबुतराचं सगळं सांगते.

संक्रांतीला इथे पहाटेपासून गच्च्या भरतात. दिवसभर "ओ काट" चालतं, आणि सण संपला तरी मांजा झाडांवर, तारांवर लोंबकळत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, पण तो विकला जातो आणि लोक घेतात. माझा त्यावर फार राग आहे. सुती दोरा निदान कुजतो तरी. हा वर्षभर तसाच राहतो आणि पुढच्या पक्ष्याची वाट बघतो. किंक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी मी वाळवणाची चादर आणायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या पाइपाला एक कबूतर उलटं लटकलेलं. डावा पंख पूर्ण उघडून अडकलेला. आई, तू म्हणशील करीच्या दिवशी घरात नवीन काही आणू नये. मला तेव्हा काही सुचलं नाही.

मांजा ओढायचा नाही एवढं मला माहीत होतं. ओढला की तो आणखी आत कापत जातो. तुमचे जावई कबुतराला खालून धरून उभे राहिले, मी दोन्ही बाजूंनी कात्रीने दोरा कापला आणि पंखाभोवतीचा वेढा तसाच राहू दिला. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला (ती निळ्या काठाची, गोधडीसाठी दिलेली), कबूतर आत ठेवलं, वरून झाकलं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली. छोटी लगेच दाणे आणि पाणी घेऊन आली. तिला थांबवलं. घाबरलेल्या, गार पडलेल्या पक्ष्याला आधी काळोख आणि ऊब हवी असते. निरोगी कबुतराचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, आपल्याला तापात असतं त्याहून जास्त. हे हाताला गार लागत होतं.

रात्री पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. मी त्याला छातीशी गच्च धरून आत गेले तर त्या जवळजवळ ओरडल्याच. आपल्या पोटात श्वासाचा पडदा असतो तसा पक्ष्यांना नसतो. छाती पुढेमागे हलली तरच हवा आत जाते. मी प्रेमाने धरलं होतं आणि त्याचा श्वासच अडवत होते. गाडीत सगळा वेळ ते चोच उघडून का धापा टाकत होतं ते तेव्हा कळलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

वजन २४० ग्रॅम भरलं, तीनशेच्या पुढे असायला हवं होतं. पंखाच्या पुढच्या कडेची पातळ कातडी चिरली होती, तिथे टाके घातले. एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की कोपराच्या पुढच्या दोन हाडांपैकी बारीक हाड मोडलंय, जाड हाड शाबूत आहे. डॉक्टर म्हणाल्या, नशीबवान आहे. शेजारचं जाड हाडच मोडलेल्या हाडाला फळीसारखा आधार देतं. पंख मिटून अंगाशी पट्टी बांधली, दर चारपाच दिवसांनी सोडून सांधा हलवायला यायला सांगितलं, कारण तसाच बांधून ठेवला तर सांधा आखडतो. दुखण्यावर मोजून थेंब दिले आणि घरातली कुठलीही गोळी देऊ नका म्हणून बजावलं. बाबा, आपल्याकडची गिधाडं कुठे गेली असं तुम्ही नेहमी विचारता ना? जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकने गेली. ती ढोरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता.

पहिले दोन दिवस त्याने दाण्याला चोच लावली नाही. हिरवी, पाण्यासारखी शीट पडत होती. ते उपाशी असल्याचं लक्षण. मग डॉक्टरांनी दाखवलं तसं भरवायला घेतलं. कोमट पाण्यात भिजवलेला मटार, चोच बाजूने हळूच उघडायची, दाणा जिभेच्या मागे ठेवायचा आणि सोडून द्यायचं. गिळणं त्याचं त्याने करायचं. एका वेळेला वीस-पंचवीस. गळ्याखालच्या पिशवीला हलकेच बोट लावलं की आतले दाणे लागतात. ती रिकामी झाल्याशिवाय पुढचं भरवायचं नाही. छोटीने वहीच केली होती, किती वाजता किती मटार. पुढे ज्वारी, बाजरी, अख्खे मूग ते आपण होऊन टिपायला लागलं. बाजरी मात्र नेहमी शेवटी. छोटी रोज बाजरी वेगळी ठेवून बघायची, तरी शेवटीच.

तिसऱ्या दिवशी ते पाणी प्यालं. मी दारामागून बघत होते. कोंबडी घोट घेऊन मान वर करते, पाणी आपसूक खाली उतरतं. कबूतर तसं पीत नाही. त्याने चोच नाकपुड्यांपर्यंत वाटीत बुडवली आणि मान खाली ठेवूनच ओढून ओढून पाणी घेतलं, वासरू पितं तसं. चोच बुडेल इतकं खोल पाणी नसेल तर त्याला धड पिताच येत नाही.

बाबा, मी दारामागे तशीच खाली बसले. तुमचा प्रश्न तिथे कळला.

मी आठ वर्षांची होते, म्हणजे १९९३. विहिरीच्या कपारीतल्या पारव्यांवर पोरांनी गलोल मारली होती आणि तुम्ही एकाला टॉवेलात गुंडाळून सायकलवरून घरी आणलंत. माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे, हँडलला डबा आणि काखेत तो टॉवेल. पंख पार खांद्यापासून लोंबत होता. तुम्ही हळद लावलीत, माजघरात टोपलीखाली ठेवलंत. चहाच्या बशीत पाणी ठेवलंत. ते पीत नाही म्हणून कापसाच्या बोळ्याने चोचीत दूध पिळलंत. रात्री कंदील घेऊन तीनतीनदा उठायचात. मी झोपेचं सोंग घेऊन बघत असायचे. चौथ्या दिवशी सकाळी टोपली उताणी होती. तुम्ही म्हणालात, "उडाला पहाटे. विहिरीकडेच गेला." आई देवघरात पाठमोरी होती, ती वळली नाही. मी विहिरीवर पळत गेले आणि त्यातला आपला कुठला ते शोधत बसले.

इतकी वर्षं मी ते खरं धरलं होतं. छोटीलासुद्धा सांगितलं होतं की आजोबांनी एक पारवा बरा केला होता. पण इथे एक बारीक हाड जुळायला तीन आठवडे लागले, त्यानंतर पंखात जोर यायला आणखी दोन. खांद्यापासून लोंबणारा पंख चौथ्या दिवशी उडेल कसा?

मी डॉक्टरांना तुमच्या पारव्याबद्दल विचारलं. नाव-गाव न सांगता, लहानपणी असं झालं होतं म्हणून. त्यांनी बराच वेळ देऊन सांगितलं. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि आतून श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. ते मोडलं की आजसुद्धा भूल देऊन आत सळई घालावी लागते आणि तरी हमी नसते. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि चोचीत पिळलेलं पातळ काहीही श्वासनळीत जाऊ शकतं, तिचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, हेही त्यांनी सांगितलं. ते मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण मला वाटतं तुम्हाला ते कधीचंच कळलंय. नाहीतर वाटी खोल आहे का, असं तुम्ही विचारलं नसतंत. पण डॉक्टर हेही म्हणाल्या की त्या काळात, त्या दुखापतीतून, तो पारवा कुणाच्याही हातात वाचला नसता. हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून मी हे पत्र लिहितेय. आई, हे पुन्हा एकदा वाच.

आता आईसाठी. तुझी काळजी मला कळते. गेल्या ऑगस्टात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला त्या बातम्या बघून तू म्हणाली होतीस की कबुतरांनी छाती खराब होते. खरंच होते. पिसांतून पिठासारखी पांढरी भुकटी झडते. रोज पाण्यावर तिचा तवंग दिसायचा. ती आणि सुकलेली शीट वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर काहींची फुप्फुसं कायमची निबर होतात. हजारो कबुतरं एका चौकात पोसणं मला पटत नाही. पण जखमी होऊन दारात आलेल्या एकाला खोक्यात ठेवणं मला त्यात धरवत नाही. ते मागच्या गॅलरीतच होतं, मी मास्क लावूनच साफ करायचे, ओल्या फडक्याने, कधी झाडून नाही. छोटीचे हात कोपरापर्यंत धुऊन घ्यायचे. तुझा दमा आहे, म्हणून माळ्यावर पारव्यांची शीट साठलीय ती तू झाडू नकोस. मी आल्यावर पाणी मारून, तोंड बांधून काढीन.

पाच फेब्रुवारीला पट्टी कायमची निघाली. पंख खाली ओघळला आणि माझा जीवही. पण तो नुसता अशक्त झाला होता. मग रोज सकाळी पंखा बंद, खिडक्यांना पडदे, आणि मधल्या खोलीत त्याला सोडायचं. आधी जमिनीवरून खुर्चीवर, मग कपाटावर. आठवड्याभराने ते खोलीत वळून परत कपाटावर यायला लागलं. वळता येणं महत्त्वाचं, सरळ तर अर्ध्या पंखावरही थोडं जाता येतं. शेवटचं वजन ३१० ग्रॅम.

आम्ही त्याला नाव ठेवलं नाही. छोटी फार मागे लागली होती, मीच नको म्हटलं.

रविवारी गच्चीवर त्याच पाइपाजवळ खोकं उघडलं. आदल्या आठवड्यात आम्ही गच्चीवरचा आणि समोरच्या कडुनिंबावर हात पोचेल तिथला मांजा काढून जाळला होता. कबूतर कठड्यावर बसलं. चांगली पाच मिनिटं बसलं. मला वाटलं, परत आत येतंय की काय. समोरच्या इमारतीवरून थवा उठला तसं त्याने टाळी वाजवावी तसे पंख वाजवले आणि गेलं. एक वळण मला ओळखता आलं, दुसऱ्या वळणाला ते थव्यात मिसळलं. छोटी नाचत होती. मला तुमची आठवण आली, बाबा.

आणि मग आणखी एक आठवलं. परसात पेरूखाली ती दगडी डोण आहे ना, वीतभर खोल, जी तुम्ही रोज सकाळी दात घासायच्याही आधी भरता? मला कायम वाटायचं ती गाईसाठी. पण गाय तर गोठ्यात पाणी प्यायची. मी आठवून आठवून बघितलं, ती डोण आधी नव्हती. त्याच पावसाळ्यानंतर तुम्ही ती बैलगाडीतून आणलीत आणि आई म्हणाली होती, एवढा धोंडा कशाला.

पाडव्याला, १९ मार्चला, आम्ही तिघं येतोय. आदल्या दिवशी सकाळीच पोचू. आई, दळण मी आल्यावर करू, तू जात्याजवळ जाऊ नकोस. बाबा, गुडघ्याला तेल लावून घ्या, कारण छोटीला विहिरीतले पारवे दाखवायला तुम्हीच न्यायचंय. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. पेरूखाली काय आहे आणि डोण तिथेच का आहे, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं तर तुम्हीच सांगा. मीही ऐकेन.

तुमची
बाळी